नववं कुलूप

१० फेब्रुवारी

आले एकदाची. प्लोवदिव शहराहून बसने तीन तास, त्यात शेवटचा तास नुसती वळणं. शेजारच्या बाईने मांडीवर मिरचीच्या चटणीच्या चार बरण्या घेतल्या होत्या आणि प्रत्येक वळणावर त्यातली एक मला धरायला देत होती. उतरले तेव्हा हाताला लसणाचा वास आणि मनात उगाचच आनंद.

खोली छान मिळाली. कारखान्याच्या खानावळीत स्वयंपाक करणाऱ्या पेन्का मावशीच्या घरी, वरच्या मजल्यावर. खिडकीतून खाण दिसते, तांब्याच्या दगडाचे ढिगारे दिसतात आणि त्यामागे बर्फाचा डोंगर. मावशीने आल्या आल्या बीन्सचं सूप पुढ्यात ठेवलं आणि विचारलं, अगं पोरी, एवढीशी तू, त्या दांडग्या बाप्यांना शिस्त लावणार? म्हटलं, लावणार. ती हसली. पुढचे दोन दात नाहीत तिला, पण हसू लाखाचं.

उद्यापासून मी इथली सुरक्षा अधिकारी. सहा महिने परीक्षेचे. आधीच्या नोकरीत, डबाबंद भाज्यांच्या कारखान्यात, एका बाईची बोटं गेली तेव्हा मी खरं ते लिहिलं आणि दीड वर्ष घरी बसले. या वेळी तोंड सांभाळायचं ठरवलंय. ही वही त्यासाठीच घेतली, खिशात मावेल अशी पातळ. बडबड सगळी हिच्यात करायची.

१३ फेब्रुवारी

आमच्याकडे दोन गिरण्या आहेत. पिठाच्या गिरणीसारखंच काम, फक्त दळायचा तो दगड. चार मीटर उंचीचं आडवं पोलादी पिंप, आत मुठीएवढे हजारो पोलादी गोळे. पिंप फिरतं, गोळे उसळतात, दगडाचा चिखल होतो. पलीकडच्या टोकाला जाळी आहे, दोन बोटं रुंद फटींची. त्यातून चिखल बाहेर चाळणीवर पडतो.

आठ जणांची टोळी. म्होरक्या रांगेल मिस्त्री, साठीला आलेला, कानात केस, तोंडात सतत सूर्यफुलाच्या बिया. मला पहिल्याच दिवशी नाव ठेवलं : कायदेबाई. मी सगळ्यांना नवीन कानझाकणं वाटली. जुनी नुसती शोभेची होती, या झाकणांतून शेजारी तोफ उडाली तरी कळणार नाही. रांगेलने ती चढवली, मी काहीतरी विचारलं, तर ओरडून म्हणाला, बायकोसाठी पण एक द्या, म्हणजे माझ्यासाठी, घरी घालायला. सगळे हसले. मीसुद्धा.

कुलपांची पद्धत इथे आहे हे पाहून बरं वाटलं. गिरणी थांबवून आत उतरायचं तर प्रत्येकाने मुख्य स्विचच्या दांड्याला आपलं कुलूप घालायचं, किल्ली आपल्याच खिशात. शेवटचं कुलूप निघेपर्यंत गिरणी फिरूच शकत नाही. आपापली कुलपं त्यांनी हौसेने रंगवली आहेत. एकाने त्यावर गाढव काढलंय आणि खाली मेव्हण्याचं नाव लिहिलंय. मला मात्र रंगावरून माणूस ओळखणं पसंत नाही. नवा नियम काढला : प्रत्येक कुलपाला फोटोची, प्लास्टिकमध्ये बंद केलेली चिठ्ठी हवी. जे कुलूप बिनचिठ्ठीचं, ते बेवारशी, ते कापायचं. उत्पादनाचे साहेब, तोंचेव्ह, यांना नियम फार आवडला. लगेच सही केली.

आठ चिठ्ठ्या झाल्या. नवव्या, म्हणजे माझ्या चिठ्ठीच्या वेळी प्लास्टिक संपलं. मागवलंय.

२० फेब्रुवारी

आज एक नंबरची गिरणी थांबवली. आतलं पोलादी अस्तर झिजलंय, ते तीन टप्प्यांत बदलायचं आहे. आजचा पहिला टप्पा. माणसं वरच्या भोकातून शिडीने आत उतरतात. त्या भोकाला इथे तोंड म्हणतात. झाकण साखळीवर टांगून वरच तयार ठेवलेलं असतं.

काम संपलं, शिडी काढली, झाकण बसलं. मग रांगेलने एक गोष्ट केली जी मला फार आवडली. हातोड्याने पिंपावर तीन ठोके दिले आणि कानझाकणं तशीच ठेवून उघडा पंजा पोलादावर टेकवला. त्याच्या वडिलांपासूनची पद्धत. आत कुणी राहिलं असेल तर उलट ठोकेल, आणि शेजारची दोन नंबर एवढी गर्जत असताना कानापेक्षा हात खरा.

मग तो म्हणाला, चला, आवळा बोल्ट.

मीही हौसेने हात टेकवला होता. आतून तीन ठोके आले. सावकाश, सारख्या अंतराने.

मी काम थांबवलं. झाकण उघडायला लावलं, स्वतः तोंडात डोकं घालून दिवा फिरवला. गोळे, बाकी काही नाही. आठही जण माझ्या मागे उभे, मोजले. दोन तास गेले. तोंचेव्ह साहेब रागावले नाहीत, फक्त घड्याळाकडे पाहत राहिले, ते जास्त लागलं.

रांगेल मला बाजूला घेऊन म्हणाला, बाईसाहेब, आम्हीही आधी दर वेळी उघडत होतो. वर्ष झालं याला. गोळे आहेत, गार होतात, बसतात, खडखडतात. मी विचारलं, मग ठोकता कशाला? तो म्हणाला, सवय.

२१ फेब्रुवारी

साहेबांनी गोडीत सांगितलं की असं दर वेळी उघडत बसलो तर वर्षभरात अस्तर बदलून होणार नाही, आणि माझ्या परीक्षेच्या अहवालात तेही लिहावं लागेल. मी परिपत्रक काढलं : झाकण बसल्यानंतर येणारा आवाज हा गोळे बसल्याचा आहे, त्यासाठी पुन्हा उघडण्याची गरज नाही. सही, शिक्का.

गोळे नेमके तीनदाच कसे बसतात, हे मी विचारलं नाही.

१ मार्च

सकाळी मावशीने मनगटाला लाल-पांढरा दोरा बांधला. म्हणाली, मार्चआजी आली, वसंत आणि आरोग्य घेऊन, आता करकोचा दिसेपर्यंत काढायचा नाही. मग मोठं टोपलं घेऊन कारखान्यात गेली आणि आठही जणांच्या कुलपांना एकेक दोरा बांधला. दरवर्षी बांधते. माझ्या बिनचिठ्ठीच्या कोऱ्या कुलपालाही बांधला.

परतताना फाटकावर चिकटवलेल्या, गेलेल्या माणसांचे फोटो छापलेल्या श्राद्धाच्या कागदांत मी पहिल्यांदाच नीट पाहिलं. एकावर मावशीचं आडनाव. फोटोत तिशीचा मुलगा, मावशीसारखंच हसणारा, दात मात्र सगळे. दिमो. एक वर्ष.

रात्रीच्या जेवणाला तिने स्वतःच सांगितलं. दिमो टोळीतच होता. गेल्या नऊ मार्चला तो आत असताना एक नंबर सुरू झाली. अहवालात लिहिलंय की त्याने कुलूप लावलंच नव्हतं, हलगर्जीपणा त्याचाच. मावशी म्हणाली, आठ दिवस आधी मीच त्याच्या कुलपाला दोरा बांधला होता गं. तो कुलूप विसरणारा नव्हता. शेगडी बंद केली का म्हणून रस्त्यातून परत येणारा पोरगा तो. मग माझा हात धरून म्हणाली, तुझ्याकडे सगळे कागद असतात ना? बघशील?

मी हो म्हटलं. मी राहते ती खोली त्याचीच.

४ मार्च

क्रमाने लिहिते.

दुसरा टप्पा. दुपारी तीनला काम संपलं. आठ जणांनी आठ कुलपं काढली. दांड्यावर एक उरलं. पितळी, जुनं, दोरा बांधलेलं. चिठ्ठी नाही.

रांगेलच्या तोंडातल्या बिया खाली पडल्या. तो म्हणाला, आज नको, उद्या सुरू करू. साहेब आले, त्यांनी कुलूप पाहिलं, आणि त्यांचा रंग बदललेला मला दिसला. पण लगेच हसून कटर माझ्या हातात दिला. नियम तुमचा नेवेनाबाई, तुम्हीच कापा.

मी कापलं. उलटं करून पाहिलं तर बुडावर खिळ्याने कोरलेलं नाव. दिमो.

साहेबांनी ते माझ्या हातातून घेऊन खिशात टाकलं आणि सुरू करायची खूण केली. अस्तर नीट बसलं का पाहायला दुसऱ्या टप्प्यानंतर तोंड उघडं ठेवूनच गिरणी पाव फेरा फिरवतात. फिरली. आणि आतून किंकाळी.

मेतोदी. गाढवाच्या कुलपाचा मालक. आपलं कुलूप काढल्यावर त्याला आत राहिलेला दिवा आठवला आणि कुणाला न सांगता तो पुन्हा उतरला. गोळे पायावर आले. मांडीचं आणि नडगीचं हाड. जिवंत आहे. रुग्णवाहिकेत घालताना मला म्हणाला, बाई, मेव्हण्याला सांगू नका, खूश होईल.

५ मार्च

झोप नाही. एकच गोष्ट डोक्यात फिरते. काल दांड्यावर एक कुलूप जास्त होतं, आणि काल आत एक माणूस जास्त होता. कुलूप बरोबर होतं. मी ते कापलं.

मेतोदीचा अहवाल साहेबांनी सांगितला तसा लिहिला : कामगाराचा हलगर्जीपणा. मीच लिहिला, माझ्या सुवाच्य अक्षरात. लाज वाटते.

नवा नियम मात्र केला. सुरू करण्याआधी तीन भोंगे, एकेका मिनिटाच्या अंतराने.

८ मार्च

महिलादिन. साहेबांनी कार्नेशनची फुलं आणली. सगळ्या बायकांना एकेक, मला तीन. हळूच म्हणाले की ते जुनं पितळ त्यांच्या कपाटात आहे, त्याचा विषय वाढवू नये. वर्षापूर्वी घाई होती, सगळे बाहेर आलेत असं वाटलं, चूक माणसाकडूनच होते. कुणाकडून झाली ते म्हणाले नाहीत. वीस तारखेला तपासनीस येणार आहेत आणि माझी नोकरी कायम करण्याचं पत्र टंकून तयार आहे, तेही म्हणाले.

फुलं खोलीत ठेवली नाहीत. दिमोच्या खोलीत ती ठेवणं जमेना.

९ मार्च

मावशीने वर्षश्राद्धाचे उकडलेले गोड गहू केले, वर साखरेचा क्रूस. खानावळीच्या दारात उभी राहून सगळ्यांना द्रोण देत होती. रांगेलने घेतला तो तिच्याकडे न बघता. मला देताना तिने विचारलं, सापडलं का गं काही?

मी म्हटलं, अजून नाही.

लोक बघत होते म्हणून गहू गिळले.

१२ मार्च

आज रांगेलला गाठलं. त्याने आधी थट्टेवारी नेलं, मग त्याचे डोळे भरून आले. त्या दिवशी झाकण बसल्यावर त्याने तीन ठोके दिले होते. आतून तीन आले. त्याने साहेबांना सांगितलं. साहेब म्हणाले, गोळे बसतायत, तू मला अक्कल शिकवू नकोस. कुलूप कुणी कापलं ते रांगेलने पाहिलं. दोन मुली शिकतायत, म्हणून गप्प राहिला.

म्हणजे 'गोळे बसतात' हे वाक्य त्या दिवशीचं आहे. मी त्यावर शिक्का मारला.

१५ मार्च

दोन नंबर चालू असताना बंद असलेल्या एक नंबरवर हात ठेवून पाहिला. कुणी ठोकलं नव्हतं. तरी तीन.

पुन्हा ठेवला. तीन.

खोलीत झोपताना भिंतीला हात लागू देत नाही.

१८ मार्च

उद्या शेवटचा टप्पा. परवा तपासनीस. ठरवलंय, त्यांना सगळं सांगायचं. मग ठरवलं, नाही सांगायचं. मग पुन्हा सांगायचं. मावशीने आज माझ्या सूपमध्ये जास्तीचं मांस घातलं आणि काही विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

प्लास्टिक आलंय. माझी चिठ्ठी उद्या करते.

१९ मार्च, दुपारी बारा

टोळी वेळेआधीच मोकळी झाली. आठही जण बाहेर आले — मेतोदीच्या जागी बदली माणूस — मी स्वतः मोजले. जेवायला गेले. आल्यावर झाकण लावणार. कुलपं अजून दांड्यावर आहेत.

नऊ आहेत.

पितळी. दोरा. मी कापलेली कडी अखंड. नाव तेच.

कुणीतरी आत आहे. साहेबांना सांगितलं तर कटर आणतील. नियमाप्रमाणे तोंडाशी एक माणूस उभा हवा. पण कुणाला बोलावू? जो येईल तो हसेल, नाहीतर रडेल. दोन मिनिटांचं काम. माझं कुलूप लावलं. फोन बाहेरच्या पेटीत ठेवला, आत फोन न्यायचा नाही, माझाच नियम. डोक्यावर दिवा आहे. वही खिशात.

१२.२५

कुणी नाही. गोळ्यांवरून पलीकडच्या टोकापर्यंत रांगत आले. जाळीपाशी एक दोरा सापडला. लाल-पांढरा. कोरा. इथे पोलादाचे गोळे झिजून लिंबाएवढे होतात आणि हा दोरा — ओलासुद्धा नाही.

खिशात घातला. रडू आलं. दिमो, चुकलं माझं, असं मोठ्याने म्हटलं. उद्या सांगणार. आता नक्की. पत्र गेलं खड्ड्यात. मन इतकं हलकं झालं की दोन मिनिटं इथेच बसून हे लिहिते आहे. ही पण बडबडच —

उजेड कमी का झाला

१२.३१

शिडी नाही. झाकण बसलंय.

ओरडले. ओरडतेय. दोन नंबर गर्जतेय आणि त्यांच्या कानांवर माझी झाकणं.

१२.३४

तीन ठोके. रांगेल. बाहेर, डोक्यावर. पंजा टेकवला असेल त्याने.

गोळा उचलून तीन ठोकले. सगळा जीव लावून.

बोल्ट आवळल्याची थरथर सुरू झाली.

शहाणे. तीन कशाला ठोकलेस. तीन म्हणजे गोळे. तूच लिहिलंस.

१२.३७

सात ठोकले. मोजून. गोळे सात ठोकत नाहीत, रांगेल, नाही ठोकत.

थरथर थांबली. थांबली! तो हात काढत नाहीये, मला माहीत आहे, तो ऐक —

माझ्या शेजारून तीन ठोके. सावकाश.

मी नाही. माझा हात मांडीवर आहे.

बोल्ट पुन्हा सुरू झाले.

१२.४०

दिमो वाईट नाही. मदतच करतोय. त्याला तेवढंच येतं.

शेजारी गोळे दबतात, कुणी बसल्यासारखे. भीती वाटते ती याची नाही आता.

कुलपं काढत असतील. आठ. मग दोन उरतील. दोन्ही बिनचिठ्ठीची, दोन्हींना मावशीचा दोरा. रांगेल म्हणेल आज नको. साहेब कटर देतील कुणाच्या तरी —

माझी चिठ्ठी टेबलावर आहे. फोटो कापून ठेवलाय.

१२.४४

पहिला भोंगा. पायाखालून कळतो.

ठोकतेय. तोही ठोकतोय. दोघांचे मिळून किती होतात कुणास —

वही जाळीच्या फटीत बसते. पाहिली लावून. चाळणीवर पडेल. जो उचलेल त्याने खानावळीत द्यावी, पेन्का मावशीला. तपासनीसांना नंतर. आधी तिला.

दुसरा.

मावशी, त्याने कुलूप लावलं होतं. तुझा दोरा होता त्याला. मी पाहिलं, माझ्या हातात होतं, आणि तू विचारलंस तेव्हा मी —